टेबलावरच्या मल्टीटच पडद्यासाठी हातांच्या खुणा कशा ठरवायच्या

मोबाइलवर छान चालणारी खूण टेबलावर नेली की अनेकदा रुसते. मोबाइल एकाच्या हातात असतो. टेबलाभोवती चार जण बसतात, कोपरं टेकवतात, बोलता बोलता बोट तसंच काचेवर विसरतात, आणि प्रत्येकाची 'वरची बाजू' वेगळी असते. त्यामुळे खूण ओळखणं हे इथलं सोपं काम. खूण नसलेला स्पर्श वेळीच ओळखून सोडून देणं अवघड, आणि निम्म्याहून जास्त मेहनत त्यातच जाते. खाली दिलेली मापं आणि वेळा सुरुवातीच्या किमती म्हणून घ्या आणि आपल्या टेबलावर मोजून बदला.

पिक्सेल सोडा, मिलिमीटर धरा

५५ इंची, १६:९ पडद्याची रुंदी सुमारे १२१८ मिमी असते. तो फुल एचडी असेल तर एक पिक्सेल ०.६३ मिमीचा, फोर-के असेल तर ०.३२ मिमीचा. ४८ पिक्सेलचं बटण पहिल्यावर ३० मिमी भरतं, दुसऱ्यावर १५. बोट मात्र दोन्हीकडे तेच, काचेवर साधारण ८ ते १२ मिमी जागा व्यापणारं. म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच 'एका मिमीला किती पिक्सेल' हा आकडा काढा आणि पुढची प्रत्येक मर्यादा मिमीत लिहा. ऑपरेटिंग सिस्टिम सांगते त्या डीपीआयवर (एका इंचात किती ठिपके) विसंबू नका, मोठ्या पडद्यांवर तो बऱ्याचदा खोटा असतो. टेप घ्या आणि काच मोजा. स्केलिंग १५० टक्क्यांवर असेल तर तेही हिशेबात धरा.

बटण किमान १५ मिमी, शेजारच्या बटणापासून ५ मिमी मोकळं. टेबलाच्या मधल्या भागात २० मिमी ठेवा, कारण हात ताणला की बोट चपटं पडतं. माणूस नेम धरतो तो नखाकडून दिसणाऱ्या टोकाने, आणि सेन्सर धरतो बोटाच्या खालच्या मांसल भागाचा मध्य. हा मध्य नेमापेक्षा काही मिमी त्या माणसाच्या अंगाकडे सरकलेला असतो. समोरासमोर बसलेल्या दोघांची चूक त्यामुळे उलट्या दिशांना पडते. एकदा कॅलिब्रेशन करून ती जात नाही, एकाची सुधारली की दुसऱ्याची दुप्पट होते. बटण मोठं करणं हाच भरवशाचा उपाय.

पॅनेलची परीक्षा आधी घ्या

इन्फ्रारेड चौकटीत किरणांचं जाळं काचेच्या किंचित वर असतं, त्यामुळे बोट टेकण्याआधीच स्पर्श नोंदला जातो आणि उचलल्यावर जरा उशिरा सुटतो. सैल बाहीसुद्धा त्याला बोट वाटते. एका रेषेत आलेली बोटं एकमेकांना झाकतात, आणि साध्या चौकटीत दोन बोटांचे चार संभाव्य छेदबिंदू तयार होऊन भुताटकीचे स्पर्श उमटतात. कपॅसिटिव्ह पॅनेलला (मोबाइलसारखं, बोटाचा विद्युत परिणाम ओळखणारं) बाहीचा त्रास नाही, पण काचेवर ठेवलेला किल्ल्यांचा जुडगा त्याला चक्रावून टाकू शकतो. खालून कॅमेऱ्याने पाहणारी टेबलं तळव्याचा अख्खा आकार देतात. २००७ साली जाहीर झालेलं मायक्रोसॉफ्टचं पहिलं 'सरफेस' टेबल या जातीचं होतं. अशा टेबलाचा शत्रू म्हणजे खिडकीतून येणारं ऊन, कारण त्यातही इन्फ्रारेड असतं.

एकही खूण ठरवण्याआधी पडद्यावर नुसते स्पर्शबिंदू आणि त्यांचे क्रमांक दाखवणारा छोटा प्रोग्राम लावा आणि हे करून पाहा:

१. दोन बोटं हळूहळू जवळ आणा. दोनाचा एक बिंदू कोणत्या अंतरावर होतो ते लिहून ठेवा.
२. तीन बोटं चौकटीच्या कडेला समांतर एका ओळीत ठेवा. मधलं गायब होतं का?
३. एक बोट २० सेकंद स्थिर ठेवा आणि बिंदू किती थरथरतो ते मोजा.
४. एक बोट वेगाने आडवं ओढा. मध्येच क्रमांक बदलला तर स्पर्श तुटून पुन्हा जोडला जातोय.
५. जितके लोक बसणार तितक्यांना एकदम दोन्ही हात ठेवायला सांगा.

पाचवी पायरी लोक टाळतात आणि मग उद्घाटनाच्या दिवशी फसतात. 'दहा स्पर्श' असं लिहिलेलं पॅनेल एकट्याला पुरतं. चार जणांनी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं टेकवली की सोळा झाले. मर्यादा ओलांडली की काही पॅनेलं नवा स्पर्श घेत नाहीत, काही जुना सोडून देतात. दुसरा प्रकार वाईट, कारण कुणाच्या तरी हातातली वस्तू अचानक निसटते. चार जणांसाठी किमान ३२ स्पर्शांचं पॅनेल घ्या.

कशाला खूण हवी, कशाला बटण

आधी सगळ्या कामांची यादी करा आणि खुणांची संख्या कमी ठेवण्याचा हट्ट धरा. हलवणं, फिरवणं, लहानमोठं करणं, उघडणं, दुसऱ्याकडे सरकवणं, एवढ्यांना खूण शोभते, कारण खऱ्या कागदाशीही हात असंच वागतो. 'जतन करा', 'भाषा बदला', 'पुन्हा सुरू करा' यांना सरळ बटण द्या. तीन बोटांनी खाली ओढल्यावर जतन होतं हे पाहुण्याला कोण सांगणार?

उरलेल्या कामांची खूण स्वतः बसून शोधू नका, लोकांकडून काढून घ्या. रीत सोपी आहे. कामाचा परिणाम पडद्यावर दाखवायचा (फोटो मोठा झाला) आणि विचारायचं, हे घडवायला तुम्ही हाताने काय कराल? प्रोग्रामने त्या वेळी काहीच ओळखायचं नाही, नुसतं चित्रीकरण करायचं. जेकब वॉब्रॉक, मेरेडिथ मॉरिस आणि अँड्र्यू विल्सन यांनी २००९ साली टेबलासाठी हे केलं तेव्हा २० जणांकडून २७ कामांसाठी, एका आणि दोन हातांच्या मिळून १०८० खुणा जमल्या. त्यातून निघालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट अशी की किती बोटं टेकवली याकडे लोकांचं फारसं लक्ष नसतं. म्हणून दोन बोटांनी ओढलं तर एक काम आणि तिनांनी ओढलं तर वेगळं, अशी विभागणी टेबलावर करू नका.

एकमत किती झालं ते जोड्यांनी मोजा. कोणत्याही दोघांनी एकच खूण केली तर ती एकमताची जोडी. समजा १५ जणांना 'बंद करा' दाखवलं. ९ जणांनी वस्तू कडेबाहेर ढकलली, ४ जणांनी फुलीची रेघ मारली, २ जणांनी तळव्याने झाकली. एकमताच्या जोड्या ३६ + ६ + १ = ४३, एकूण जोड्या १०५, म्हणून प्रमाण ०.४१. ०.१ पर्यंतचं एकमत कमी, ०.३ पर्यंत मध्यम, ०.५ पर्यंत चांगलं, त्यापुढे फार चांगलं मानतात. ०.१ च्या खाली राहिलेल्या कामाला खूण देण्याचा नाद सोडा आणि बटण करा.

एका बोटाचा प्रवास

प्रत्येक स्पर्शासाठी एक छोटी अवस्था-यादी चालवा. बोट टेकलं की 'अनिश्चित'. ५ मिमीपेक्षा कमी सरकून ३०० मिलिसेकंदांच्या आत उचललं तर टॅप. ५ मिमी ओलांडले तर ओढणं, आणि एकदा ओढणं ठरलं की तो स्पर्श उचलेपर्यंत पुन्हा टॅप होऊ शकत नाही. ५ मिमी ओलांडल्या क्षणी वस्तू उडी मारून बोटाखाली येते, ती टाळायला ओढण्याचा आरंभबिंदू तिथून नव्याने धरा. स्थिर बिंदूची थरथर २ मिमी भरली असेल तर ५ ची मर्यादा ६-७ करा. थरथर आणि मर्यादा यांत किमान तिप्पट अंतर हवं, नाहीतर टॅप करणाऱ्याचं ओढणं होतं आणि 'बटण चालत नाही' अशी तक्रार येते.

दोनदा टॅप करणं वगळा. ते ठेवलं की प्रत्येक साध्या टॅपला 'दुसरा येतोय का' म्हणून सुमारे ३०० मिलिसेकंद थांबावं लागतं आणि सगळं टेबल सुस्त वाटतं. शिवाय शेजारी बसलेल्या दोघांचे दोन टॅप एका वस्तूवर लागोपाठ पडले तर ते एकाचेच समजले जातात.

दाबून ठेवणं मोबाइलवर अर्ध्या सेकंदाच्या आसपास मानतात. टेबलावर ही वेळ घातक आहे, कारण बोलणारा माणूस बोट टेकवून बोलतो आणि जिथे-तिथे मेनू उगवतात. वापरायचंच असेल तर फक्त वस्तूवर चालू द्या, मोकळ्या जागेवर नाही. वेळ ८०० मिलिसेकंद ठेवा, आणि २०० पासून बोटाभोवती भरत जाणारं कडं दाखवा. ते बोटाने झाकलं जाऊ नये म्हणून त्याचा व्यास ४० मिमी तरी हवा.

थरथर कमी करायला सरासरी काढली की विलंब वाढतो. ५०० मिमी प्रति सेकंद वेगाने सरकणाऱ्या बोटामागे ८० मिलिसेकंदांचा विलंब असलेली वस्तू ४० मिमी मागे राहते, आणि ते अंतर डोळ्याला लगेच खुपतं. इथे 'वन युरो' फिल्टर कामाला येतो. तो हळू हालचालीला जास्त गुळगुळीत करतो आणि वेगवान हालचालीला मोकळं सोडतो. त्याचे दोन आकडे: किमान कटऑफ (कमी केला की हळू हालचाल जास्त गुळगुळीत) आणि बीटा (वाढवला की वेगवान हालचालीला जास्त मोकळीक). बीटा शून्यावर आणि किमान कटऑफ १ हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. बोट स्थिर धरून थरथर थांबेपर्यंत कटऑफ कमी करा, मग बोट जोरात फिरवत वस्तू मागे पडेनाशी होईपर्यंत बीटा वाढवा. क्रम उलटा केलात तर दोन्ही बिघडतात.

ओढता ओढता स्पर्श तुटत असेल, तर सुटल्यापासून ५० मिलिसेकंदांच्या आत आणि १० मिमीच्या आत उगवलेला नवा स्पर्श जुन्याला जोडा. ही सवलत फक्त ओढण्याला द्या. टॅपलाही दिली तर प्रत्येक बटण ५० मिलिसेकंद उशिरा चालेल.

झटका देऊन वस्तू सरकवण्यात वेग कसा मोजता यावर सगळं आहे. शेवटच्या दोन बिंदूंवरून मोजू नका, कारण उचलताना बोट घरंगळतं आणि दिशा भलतीच येते. शेवटच्या ८० मिलिसेकंदांची सरासरी घ्या. वेग घातांकी पद्धतीने कमी केला तर एकूण घसरण म्हणजे वेग गुणिले कालस्थिरांक (वेग किती लवकर ओसरतो ते सांगणारा वेळ): ८०० मिमी प्रति सेकंदाला ०.३ सेकंद धरले तर वस्तू २४० मिमी जाते. कडेला पोचली तरी ६० मिमी भाग काचेवर राहील असा अडसर लावा, नाहीतर ती परत ओढायला पकडच राहत नाही.

दोन बोटं: फिरवणं आणि ताणणं

दोन बिंदूंचा मध्य हलला की सरकवणं, अंतर बदललं की आकार, त्यांना जोडणाऱ्या रेषेचा कोन बदलला की फिरवणं. तिन्ही एकत्र चालू द्या. गोंधळ होतो तो तीन जागी.

पहिली जागा कोनाची. तो १८० अंशांवरून उणे १८० वर जातो आणि फोटो गर्रकन उलटा फिरतो. दर फ्रेमचा फरक काढून तो उणे १८० ते १८० मध्ये आणा.

दुसरी जागा बोटांची संख्या बदलते ती. तिसरं बोट टेकलं किंवा दोनातलं एक उचललं की मध्यबिंदू एका फ्रेममध्ये काही सेंटिमीटर सरकतो आणि वस्तू उडी मारते. संख्या बदलताच सगळे आरंभबिंदू आणि वस्तूची त्या क्षणीची स्थिती नव्याने नोंदवा.

तिसरी जागा जवळ आलेल्या बोटांची. हे आकड्यांत पाहा. सेन्सरची चूक १ मिमी आहे असं समजा. बोटं ८० मिमी दूर असतील तर कोनात ०.७ अंश आणि आकारात सव्वा टक्का फरक पडेल, दिसणारही नाही. तीच बोटं १५ मिमीवर आली की ३.८ अंश आणि जवळजवळ ७ टक्के, म्हणजे फोटो हातात धरलेल्या माशासारखा वळवळतो. म्हणून अंतर ३० मिमीच्या खाली गेलं की फिरवणं आणि ताणणं गोठवा, नुसतं सरकवणं चालू ठेवा.

फिरवण्याला सुरुवातीला १० अंशांचा अडसर द्या. नुसतं मोठं करणाऱ्याचं मनगट थोडं वळतंच, आणि वाकडा झालेला फोटो सरळ करण्यात त्याचा वेळ जातो.

पूर्ण हात आणि रेघांच्या खुणा

माइक वू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली शिस्त अजूनही कामाची आहे: खूण कोणती ते सुरुवातीच्या हातठेवणीवरून ठरवा, ठरल्यावर हात सैल सोडू द्या, आणि तीच ठेवण वेगवेगळ्या संदर्भांत पुन्हा वापरा. पाच बोटं पसरून टेकवल्यावर 'सगळं गोळा करा' ठरलं, की पुढे दोन बोटं उचलली गेली तरी ती खूण चालूच राहिली पाहिजे. पाचही बोटं शेवटपर्यंत दाबून ठेवायला लावाल तर हात अवघडतो.

रेघेच्या खुणांना २००७ चा 'वन डॉलर' ओळखकर्ता पुरतो. रेघेचे समान अंतरावर ६४ बिंदू करायचे, फिरवून आणि मापात बसवून साच्यांशी ताडायचे. तो फिरवलेली आकृतीही ओळखतो आणि टेबलाला तेच हवं, कारण समोरच्याची आकृती तुमच्या दृष्टीने उलटी असते. पण याच गुणामुळे त्याला डावा आणि उजवा बाण वेगळे काढता येत नाहीत. दिशेवर अर्थ ठरणारी आकृती घेऊच नका. रेघ कोणत्या दिशेने काढली यानेही त्याला फरक पडतो, म्हणून वर्तुळाचे दोन साचे ठेवा: घड्याळाच्या दिशेचा आणि उलटा.

चार बाजू, अनेक हात

'डावीकडे सरकवा म्हणजे पुढचं पान' हे टेबलावर अर्थहीन आहे. दिशा नेहमी वस्तूच्या चौकटीवरून मोजा: फोटो ज्याच्याकडे तोंड करून आहे त्याची डावी ती डावी.

बोट कुणाचं हे साधं पॅनेल सांगत नाही. मित्सुबिशीच्या मर्ल प्रयोगशाळेचं २००१ मधलं 'डायमंडटच' टेबल ते सांगू शकायचं, कारण त्याचा सिग्नल माणसाच्या शरीरातून खुर्चीतल्या रिसीव्हरपर्यंत जायचा. आज ते हाताशी नाही असं धरून चला. जवळची कड पाहून अंदाज करता येतो, पण कोपऱ्यापासून १५० मिमीच्या आत तो सारखा चुकतो. त्यामुळे अंदाजावर फक्त नवी खिडकी कुणाकडे तोंड करून उघडायची एवढंच सोपवा आणि तिच्या कोपऱ्यात फिरवायला मूठ द्या. काही पुसण्याचा किंवा बदलण्याचा हक्क अंदाजावर देऊ नका.

दोघांनी एकच फोटो धरला तर तो रबरासारखा ताणला जातो. स्पर्श २०० मिमीच्या आत असतील तर ते एका हाताचे धरा. त्याहून दूर असतील आणि वस्तू स्वतःच मोठी असेल तर दोन हातांचे. वस्तू लहान असून दुसरा स्पर्श नंतर आला असेल, तर ती पहिल्याच्याच ताब्यात ठेवा आणि दुसऱ्याच्या बोटाखाली 'पकडलेली आहे' अशी खूण उजळा. काहीच न दाखवता स्पर्श गिळलात तर तो माणूस अजून जोरात दाबतो.

'सगळं पुसा' यासाठी समोरासमोरच्या दोन कडांवर एकेक बटण ठेवा आणि दोन्ही एका सेकंदाच्या आत दाबली तरच चालवा. ५५ इंचीच्या दोन लांब कडांमध्ये ६८५ मिमी अंतर असतं, त्यामुळे ते एकट्याकडून चुकून घडत नाही.

नको असलेले स्पर्श

कडेपासून ४० मिमीच्या पट्ट्यात खुणा सुरू होऊ देऊ नका, तिथे मनगटं आणि कोपरं टेकतात. ६० मिमीच्या वर्तुळात ५० मिलिसेकंदांच्या आत तीन किंवा जास्त बिंदू उगवले आणि हलले नाहीत तर तो तळवा समजा. १० सेकंद तसूभर न हललेला एकटा स्पर्श म्हणजे ठेवलेली वस्तू. त्याला मेलेला ठरवा, पण यादीतून काढू नका, नाहीतर तो नवा म्हणून परत येईल.

सिस्टिमकडून येणारे 'रद्द' आणि 'उचललं' हे वेगळे संदेश आहेत. रद्द आलं तर काम पूर्ण करू नका, आधीची स्थिती परत आणा. ब्राउझरमध्ये सीएसएसचा 'टच-अॅक्शन' गुण 'नन' करा, नाहीतर ब्राउझर स्वतः पान सरकवायला घेतो आणि तुमचा स्पर्श रद्द होतो. ऑपरेटिंग सिस्टिमची कडेवरून ओढण्याची आणि दाबून राइट-क्लिकची सोयही बंद करा.

दिसलं पाहिजे

बोट टेकल्याबरोबर, खूण ठरायच्या आधीच, त्याखाली ठिपका उजळू द्या. तो उजळला नाही तर दोष पॅनेलचा, उजळूनही काम झालं नाही तर दोष खुणेचा, हे पाहणाऱ्यालाही कळतं. फिरवण्याच्या मर्यादा, कडा, अडसर हे सगळं हळूच मागे खेचणाऱ्या हालचालीने दाखवा. सूचनांची पाटी कुणी वाचत नाही. त्यापेक्षा टेबल रिकामं असताना एखादी वस्तू आपणहून सरकून उघडताना दाखवा.

दोन बोटांच्या प्रत्येक खुणेला एका बोटाचा पर्याय हवाच. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ (२०१८) या नियमसंचाचा नियमही तोच आहे: अनेक बोटांची किंवा विशिष्ट वाटेने ओढायची खूण एका साध्या स्पर्शानेही करता आली पाहिजे. निवडलेल्या वस्तूच्या कडेला +, − आणि फिरवण्याचं बटण, प्रत्येकी १५ मिमी, एवढ्याने भागतं.

तपासणी

सगळे कच्चे स्पर्श वेळेसह फाइलमध्ये साठवा. टेबल ट्यूइओ प्रोटोकॉल (स्पर्शांची माहिती पाठवण्याची ठरलेली पद्धत) बोलत असेल तर ते सोपं जातं, संदेश यूडीपीच्या ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवर येतात.

मग दोन प्रयोग. पहिल्यात प्रत्येक खूण प्रत्येकाकडून दहा वेळा, चारही बाजूंनी, आणि कोणती खूण कोणती म्हणून ओळखली गेली त्याचा तक्ता. दुसरा जास्त महत्त्वाचा: चार जणांना टेबलाभोवती बसवून दहा मिनिटं भलत्याच विषयावर गप्पा मारायला सांगा, पडद्याला हात लावायला किंवा टाळायला काहीच सांगू नका. या वेळात जे काही आपोआप उघडलं, सरकलं किंवा बंद झालं, ती प्रत्येक घटना चूक. त्यांची नोंद जागेसह करा. एकाच पट्ट्यात गर्दी दिसली तर कडेची मर्यादा वाढवा, दाबून ठेवण्यावर गर्दी दिसली तर वेळ वाढवा.

मर्यादा बदलल्यावर लोकांना पुन्हा बोलावण्याआधी साठवलेली फाइल नव्या मर्यादांवर चालवून पाहा. एका वेळी एकच आकडा बदला, आणि सगळे आकडे प्रोग्रामात विखुरलेले न ठेवता एकाच सेटिंग फाइलमध्ये ठेवा. पॅनेल बदललं की बहुतेक वेळा तेवढी फाइलच नव्याने भरावी लागते.